स्कीटची जुनी व्युत्पत्ती डिक्शनरी, १५० रुपयांत

मडगावात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून गेल्या पावसात वॉल्टर स्कीटची इंग्लिश व्युत्पत्तीची छोटी डिक्शनरी उचलली, मूळ पुस्तक १८८२ चं, माझी प्रत नंतरची. दुकानदार म्हणाला एकदम टकाटक आहे, घरी येऊन उघडली तर बुरशीचा वास आणि कडेची पानं कसरीने खाल्लेली, चार दिवस फॅनखाली पसरून ठेवली तेव्हा कुठे हातात धरवली.

पण पैसे वसूल झाले ते एका शब्दावर. आदल्याच दिवशी एका खानावळीबद्दल मी 'नाइस फिश थाळी' असं लिहून आलेलो (सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर खरंच भन्नाट होती), म्हणून सहज नाइस काढला. पुढे कंसात एफ आणि एल, म्हणजे फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिन. लॅटिनमध्ये नेस्कियुस, ने म्हणजे नाही आणि स्कीरे म्हणजे जाणणं, थोडक्यात आपला 'अज्ञ'च की! मध्ययुगीन इंग्लिशमध्ये नाइस म्हणजे चक्क खुळा, मग नखरेल, मग चोखंदळ, मग रुचकर. आणि सायन्स पण त्याच स्कीरेतून आलाय, हे वाचून मी पुस्तक बंद करून जरा वेळ बसलोच. आपल्याकडे उलटं, शहाणा हा चांगला शब्द, पण कोणी 'तू फार शहाणा आहेस' म्हटलं की समजायचं काय ते.

संध्याकाळी शेजारच्या आजोबांना सांगितलं, ते गोवा मुक्तीच्या आधी पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेले, ऐकून हसायलाच लागले. "अरे नेस्सियु! आमचो मास्तर आमकां हेंच म्हणटालो." पोर्तुगीजमध्ये नेस्सियु म्हणजे अजूनही मूर्खच. एकाच आईची दोन पोरं, एक इंग्लंडात जाऊन साहेब झाला आणि दुसरा होता तिथेच राहिला.

तक्रारी आहेत. अक्षर मुंगीएवढं, संक्षेप इतके की पहिले दोन दिवस सुरुवातीची यादी उघडीच ठेवावी लागते, आणि कुठला अर्थ कुठल्या शतकात बदलला ते बहुतेक ठिकाणी नाही. नाइसचा 'छान' हा आजचा अर्थ १८व्या शतकातला, ते मला दुसरीकडे शोधावं लागलं. परीक्षेसाठी पाहिजे असेल तर घेऊ नका, उच्चारबिच्चार काही नाही यात. पुस्तकाला साडेचार स्टार, दुकानाला दोन, तेही किंमत कमी म्हणून.

थाळीच्या रिव्ह्यूतला नाइस तसाच ठेवलाय, मालकाला काय कळतंय.