१०६० काढून आरएक्स ७६०० टाकलं, दिवाळीपासून वापरल्यानंतरचा अनुभव

एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० (६ जीबीवालं) ग्राफिक्स कार्ड माझ्याकडे खूप वर्षं होतं आणि त्या कार्डाबद्दल माझी एकही तक्रार नाही, २०१६ चं कार्ड असून १०८०पी वर अजूनही बऱ्याच गोष्टी चालवतं. पण एनव्हिडियाने पास्कल पिढीसाठी (१०६० त्याच पिढीतलं) गेम रेडी ड्रायव्हर, म्हणजे नव्या गेमसाठीचे नियमित अपडेट, ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त दर तिमाहीला सिक्युरिटी अपडेट येणार, म्हणून दिवाळीनंतर एएमडीचं आरएक्स ७६०० घेतलं. मे महिना आलाय, नागपूरचं ऊन बघून झालंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

कार्ड बसवणं सोप्पंय. दोन स्क्रू, पीसीआयई स्लॉटचं लॅच, एक पॉवर केबल, झालं. १०६० ला सिक्स पिन लागायची, ह्याला एट पिन लागते, तर तुमच्या एसएमपीएसला (पीसीचा पॉवर सप्लाय) ६+२ वाली केबल आहे का ते आधी बघा. १०६० १२० वॅटचं होतं, हे १६५ वॅटचं आहे आणि एएमडी ५५० वॅटचा सप्लाय सांगते. आणखी एक, ७६०० वर डीव्हीआय पोर्ट नसतो, जुना मॉनिटर असेल तर एचडीएमआय ते डीव्हीआय केबल आणून ठेवा.

खरं काम आहे जुन्या ड्रायव्हरचं, आणि ते कार्ड काढायच्या आधी करायचं असतं. नवीन कार्ड लावलं की विंडोज काही जुन्या कंपनीचा ड्रायव्हर आपोआप पुसत नाही, त्याच्या सर्व्हिसेस, टेलिमेट्रीची टास्क, फिजएक्स, शेडर कॅश (ग्राफिक्सचे साठवलेले तयार प्रोग्राम) सगळं तसंच बसून राहतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मध्ये जाऊन शो हिडन डिव्हायसेस करून बघा, काढलेलं कार्ड फिकट रंगात तिथेच दिसेल. कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल केलं तरी बरंच काही उरतं, म्हणून मी सगळ्यांना डीडीयूच सांगते (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, फुकट आहे).

मी असं केलं: नवीन ड्रायव्हर एएमडीच्या साइटवरून आधीच डाउनलोड करून ठेवला, मग लॅनची वायर काढली कारण नेट चालू असलं की विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं, मग शिफ्ट दाबून रिस्टार्ट, सेफ मोड, आणि डीडीयूमध्ये क्लीन अँड शटडाऊन. हा पर्याय कार्ड बदलणाऱ्यांसाठीच दिलाय, साफ करून मशीन बंद करतो, मग निवांत कार्ड बदला. पहिल्यांदा चालू झालं की रिझोल्यूशन कमी आणि सगळं मोठं मोठं दिसतं, घाबरू नका, तो मायक्रोसॉफ्टचा बेसिक ड्रायव्हर असतो. ॲड्रेनालिन (एएमडीचं ड्रायव्हर पॅकेज) इन्स्टॉल केलं, रिस्टार्ट केलं, मगच वायर परत लावली. सेफ मोडला जायच्या आधी अकाउंटचा पासवर्ड आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा, हे प्लीज टाळू नका.

ह्यानंतर बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू करा, अबव्ह फोर जी डिकोडिंगसकट. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करावं लागतं आणि तुमची विंडोजची डिस्क एमबीआर (जुनी पार्टिशन पद्धत) असेल तर मशीन बूटच होणार नाही, आधी विंडोजच्याच एमबीआरटूजीपीटी टूलने ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलून घ्या, बॅकअप घेऊनच.

आता इतक्या महिन्यांचं बोलायचं तर, काळी स्क्रीन नाही, ड्रायव्हर टाइमआउट नाही, काही नाही. नवीन ॲड्रेनालिन आलं की जुन्यावरच टाकते, प्रत्येक अपडेटला डीडीयू लागत नाही, ते कंपनी बदलताना किंवा काही बिघडलं तरच. अपडेटनंतर पहिल्या वेळी गेम थोडा अडखळतो कारण शेडर परत बनतात, नंतर नीट होतो. रेकॉर्डिंगला एव्ही१ (नवा व्हिडिओ फॉरमॅट) एन्कोडर मिळाला ही माझ्यासाठी मोठी गोष्ट, छोट्या फायलीत चांगली क्वालिटी येते. फक्त ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) जुनं एनव्हेंक (एनव्हिडियाचा एन्कोडर) सिलेक्ट असतं ते हाताने बदलावं लागतं. ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) करणाऱ्यांनी मात्र विचार करूनच घ्या, कुडा (कार्डावर गणितं करायची एनव्हिडियाची सोय) इथे नाही, ब्लेंडरचं रेंडर इंजिन सायकल्स एएमडीच्या एचआयपी वर चालतं आणि काही ॲडऑन कुडाच मागतात.

उन्हाळ्यात डेझर्ट कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, मी पीसी दुसऱ्या भिंतीला हलवला आणि फॅन कर्व्ह (किती तापल्यावर पंखा किती फिरेल ती सेटिंग) थोडा वर घेतला, आवाज वाढला पण भर दुपारी रेंडर लावता येतो. १०६० आता मावसभावाच्या पीसीत आहे, तिथे आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं म्हणून तिथेही आधी डीडीयू आणि मग ५८० सिरीजचा ड्रायव्हर, पास्कलसाठी तीच शेवटची सिरीज आहे, त्यापुढची टाकायला जाऊ नका.