कीकॅडच्या शेअर्ड शीट्स: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

भोसरीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये पेड सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन बंद करून सगळं कीकॅडवर, म्हणजे सर्किट बोर्ड डिझाइन करायच्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर, आणलं त्याला बरेच महिने झाले. आत्ता लिहायला बसलो कारण चार चॅनलचा करंट मोजायचा बोर्ड टेस्टिंगला आला आणि चारही चॅनल एकच आकडा दाखवायला लागले. लोड एकावर टाका, हलतात चारही.

डिझाइन बाहेरून करून घेतलेलं. एका चॅनलची शीट (सर्किटच्या ड्रॉइंगचं पान) काढून तीच फाइल चार वेळा लावलेली, हीच शेअर्ड शीट. त्यात काही चूक नाही, हायरार्किकल शीट, म्हणजे मोठ्या ड्रॉइंगच्या आत बसवलेली शीट, असतेच त्यासाठी. पण आतमध्ये सेन्स लाइनला, म्हणजे मोजलेला सिग्नल नेणाऱ्या वायरला, नाव म्हणून लावलं होतं ग्लोबल लेबल! ग्लोबल लेबल शीटची हद्द मानतच नाही, त्यामुळे चारही सेन्स लाइन एकाच नेटवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या. आणि ईआरसी, म्हणजे ड्रॉइंगमधल्या जोडण्या तपासणारं टूल, गप्प, कारण लेबल होतं फिल्टरच्या रेझिस्टरनंतर आणि रेझिस्टरच्या पिना पॅसिव्ह, त्या एकमेकींना जोडल्या तरी ते तक्रार करत नाही. ऑपॅम्पचे (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचे) आउटपुट थेट एकमेकांना भिडले असते तर ते ओरडलं असतं.

हे पकडायला सगळ्यात सोपं म्हणजे पीसीबीत, म्हणजे बोर्डाच्या लेआउटमध्ये, नेटचं नाव वाचा. शीटपुरतं लोकल लेबल किंवा पिनेतून वरच्या शीटला जोडणारं हायरार्किकल लेबल असेल तर आधी स्लॅश आणि शीटचं नाव येतं, "/चॅनल१/सेन्स" असं काहीतरी. नुसतंच "सेन्स" दिसलं की आत ग्लोबल लेबल आहे. ग्राउंडचं पॉवर सिम्बॉलपण ग्लोबलच असतं, म्हणजे आयसोलेटेड (ग्राउंड वेगळे ठेवलेले) चॅनल करणाऱ्यांनी तर डोळ्यात तेल घालून बघा. आम्ही लेबल हायरार्किकल केलं, वरच्या शीटवर पिना आणल्या, आणि बनलेल्या बोर्डांचे ट्रॅक कापून जंपर मारले. एवढे पैसे घातलेले बोर्ड भंगारात कोण टाकणार.

आता माझं खरं दुखणं. शेअर्ड शीटमध्ये प्रत्येक चॅनलला रेफरन्स वेगळा मिळतो, आर१०१, आर२०१ वगैरे, पण व्हॅल्यू सगळीकडे एकच. चौथ्या चॅनलला गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) वेगळा हवा म्हणून तिथला रेझिस्टर बदलला की बाकीच्या तिघांचाही बदलतो, न विचारता. बीओएम (पार्टची यादी) घेऊन पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, गेलेला पोरगा चुकीचाच माल घेऊन येणार ना! मग तो एक रेझिस्टर शीटमधून उचलून रूटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या शीटवर, ठेवायचा आणि दोन पिना वाढवायच्या. चालतं, पण ड्रॉइंग वाचणाऱ्याला चॅनल एका जागी पूर्ण दिसत नाही आणि याचा मला दर वेळी त्रास होतो.

खरं तर या रागात मी शीट कॉपी करून चार वेगळ्या फाइल करायच्या ठरवल्या होत्या. पण कीकॅड ९ मध्ये, म्हणजे फेब्रुवारी २०२५ च्या व्हर्जनमध्ये, मल्टी-चॅनलचं टूल आलंय. एका चॅनलचं लेआउट नीट करा, शीटप्रमाणे रूल एरिया (बोर्डवर त्या चॅनलची आखलेली जागा) बनवा आणि रिपीट लेआउट दाबा, बाकीचे चॅनल तसेच्या तसे बसतात, ट्रॅकसकट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारच्या टेबलवरच्यांना बोलावून दाखवलं. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये हे मिळतंय म्हटल्यावर तो रूटमधला एक रेझिस्टर मी सोसतो.

फक्त टीममध्ये सगळ्यांनी एकच व्हर्जन ठेवा, ९ मध्ये सेव्ह केलेली फाइल ८ मध्ये उघडत नाही. आमच्या एका कस्टमरकडे अजून ८ आहे, त्यांचं काम आम्ही वेगळ्या मशीनवर ८ मध्येच करतो.