मेहरूण तलावाचा वॉकिंग ट्रॅक : पाचपैकी चार स्टार
जळगावात जिमची फी भरायच्या आधी एकदा मेहरूण तलावावर फिरून बघा भो, एक रुपया लागत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा सकाळी लवकरच यायचं, पाण्यावरून येणारा वारा तेवढ्यापुरता बरा वाटतो, आणि आमच्या आईसारख्या गुडघेदुखीवाल्यांना डंपर-रिक्षांची धास्ती न घेता चालता येतं, खरा फायदा हाच. ओळखीपाळखी पण होतात, निम्म्या सोयरिकी इथेच जुळत असतील. थंडीत मेहरूणची बोरं दिसली तर सोडू नका. एक स्टार कापला तो ट्रॅकवर बाईक घालणाऱ्या पोरांचा, वरून हॉर्न पण आपल्यालाच मारतात!