डेटनच्या चौथ्या हँगरमधलं 26000

लेकीकडे कोलंबसला आलो की जावई दर वेळी विचारतात, "बाबा, या वेळी कुठे जायचं?" या वेळी मी विमानात बसण्याआधीच सांगून ठेवलं होतं, डेटन. राइट बंधूंचं गाव. तिथे राइट-पॅटरसन हवाई तळाला लागून अमेरिकी हवाई दलाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि त्यात राष्ट्राध्यक्षांची निवृत्त विमानं ठेवली आहेत. नुसती बाहेरून बघायला नाहीत. त्यातल्या चार विमानांत आत शिरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येतं.

मी सांताक्रूझच्या हँगरमध्ये एअर इंडियाची विमानं दुरुस्त करण्यात उभी हयात घालवली. 1971 साली लागलो तेव्हा हाताखाली पहिलं विमान आलं ते बोइंग 707. त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूने झुकलेलं असणार, हे आधीच सांगतो.

कोलंबसहून गाडीने सव्वा तास. प्रवेश फुकट, पार्किंगही फुकट. सकाळी 9 ला उघडतं, संध्याकाळी 5 ला बंद होतं. एवढ्या मोठ्या ठिकाणी तिकीट नाही, हे हिला शेवटपर्यंत खरं वाटेना. दारात सामान तपासतात, बाकी कसला त्रास नाही. पूर्वी राष्ट्राध्यक्षांची विमानं तळाच्या आतल्या बाजूला होती. ओळखपत्र दाखवून बसने जावं लागायचं आणि जागा मोजक्याच असायच्या. जून 2016 मध्ये चौथी इमारत उघडली आणि ही सगळी विमानं तिथे आणली. आता मनाला येईल तेव्हा जावं, हवा तितका वेळ थांबावं.

बहुतेक लोक पहिल्या इमारतीपासून सुरुवात करतात आणि चौथीपर्यंत पोचतात तेव्हा पाय बोलायला लागलेले असतात. तुम्ही उलटं करा. आत शिरल्यावर कुठेही न रेंगाळता थेट चौथीत जा. चालणं बरंच आहे. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर मिळते, पण विमानांना शिड्या आहेत आणि आतल्या वाटेत व्हीलचेअर जात नाही. दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिकच्या भिंती घातल्या आहेत, त्यामुळे वाट इतकी अरुंद होते की माझ्यासारख्याला काही ठिकाणी खांदा वळवून जावं लागतं. पाठीवरची सॅक गाडीतच ठेवा. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर प्लास्टिकवरचा उजेडच फोटोत येतो.

चौथीच्या दारातून आत गेलो आणि लांबूनच शेपूट दिसली. 707 च्या उभ्या पंखाच्या टोकाला पुढे रोखलेला एक भाला असतो, रेडिओची अँटेना. शंभर विमानांत मी ती ओळखेन. पंखावर आकडा 26000. मूळ क्रमांक 62-6000, त्याचंच हे रूप. हे विमान ऑक्टोबर 1962 मध्ये केनेडींच्या सेवेत आलं, आठ राष्ट्राध्यक्षांनी वापरलं आणि 20 मे 1998 ला स्वतःच्या बळावर उडत डेटनला येऊन थांबलं. निळ्या-पांढऱ्या रंगाची ती प्रसिद्ध सजावट डिझायनर रेमंड लोई यांची. आजही नवं विमान बनवायचं तर लोक तोच रंग डोळ्यांपुढे आणतात.

एक गोष्ट नातवाला तिथेच समजावली. 'एअर फोर्स वन' हे विमानाचं नाव नाही. राष्ट्राध्यक्ष आत असतील तर हवाई दलाच्या कुठल्याही विमानाला रेडिओवर त्या नावाने हाक मारतात. ऑगस्ट 1974 मध्ये निक्सन राजीनामा देऊन कॅलिफोर्नियाला निघाले. हवेत असतानाच त्यांची मुदत संपली आणि त्याच क्षणी विमानाची हाक बदलून एसएएम 27000 झाली. (ते 27000 कॅलिफोर्नियात रेगन यांच्या ग्रंथालयात आहे. डेटनला आहे ते त्याच्या आधीचं.)

पुढच्या दाराने आत गेलो. आधी कॉकपिट. उजवीकडे फ्लाइट इंजिनिअरचं पॅनेल, डायल, स्विच, पुन्हा डायल. आमच्या बऱ्याच 707 ना रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिनं होती, याला प्रॅट अँड व्हिटनीची, म्हणून सगळं तंतोतंत नाही. पण ते पॅनेल बघून माझे हात आपोआप खिशात टॉर्च शोधायला लागले. मागे संपर्क यंत्रणेची जागा, मग राष्ट्राध्यक्षांची खोली, मग कर्मचाऱ्यांच्या आणि पाहुण्यांच्या सीट. आतली मांडणी अनेकदा बदलली आहे. आज दिसते ती केनेडींच्या दिवसातली नाही, हे लक्षात ठेवून बघावं.

22 नोव्हेंबर 1963. डॅलसला केनेडींची हत्या झाली तो दिवस. मी तेरा वर्षांचा होतो. डॅलसला दुपार होती तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र. शनिवारी सकाळी रेडिओवर बातमी आली आणि आमच्या चाळीत सगळे गॅलरीत येऊन उभे राहिले, एवढं पक्कं आठवतं. डॅलसच्या त्या दुपारी 2.38 ला, हे विमान अजून तिथल्या लव्ह फील्ड विमानतळावर उभं असताना, आतल्या खोलीत न्यायाधीश सारा ह्यूज यांनी उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. तो फोटो जगाने पाहिला आहे. शेजारी केनेडींच्या पत्नी जॅकलीन, रक्ताचे डाग पडलेल्या त्याच कपड्यांत. सत्तावीस माणसं तेवढ्याशा जागेत. ती जागा किती लहान आहे हे फोटोवरून कळत नाही. तिथे उभं राहिल्यावर कळतं.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो शेपटीकडे, मागच्या दाराजवळ. केनेडींची शवपेटी सामानाच्या कप्प्यात घालायची नाही, असं विमानातल्या लोकांनी ठरवलं. ती वरच, माणसांबरोबर न्यायची. पण जागा नव्हती. मग त्यांनी मागच्या सीट काढल्या आणि पार्टिशन करवतीने कापलं. विमानाच्या देखभालीत ज्याने काम केलं आहे त्याला विचारा हे काय आहे ते. आमच्याकडे एक स्क्रू काढायचा तरी कागद लागतो. कोणी काढला, कधी, कोणी तपासला, सगळ्याखाली सही. राष्ट्राध्यक्षांच्या विमानाच्या पार्टिशनला करवत लावायची, आणि तीही काही मिनिटांत, त्या अवस्थेत! कापणाऱ्यांनी त्या क्षणी कोणाची सही मागितली नसणार. मी तिथे हात जोडले. मागे एक अमेरिकी कुटुंब होतं, ते शांतपणे थांबून राहिलं.

बाकीची तीन विमानं चढून बघितल्याशिवाय निघू नका. 'सेक्रेड काउ' हे डग्लसचं चार पंख्यांचं विमान, रूझवेल्टसाठी केलेलं. त्यांना पायांनी चालता येत नव्हतं, म्हणून चाकाच्या खुर्चीसकट जमिनीवरून थेट आत घेणारी लिफ्ट शेपटीकडे बसवली. ते या विमानाने एकदाच गेले, फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाच्या बैठकीला. पुढे 26 जुलै 1947 ला ट्रुमन यांनी याच विमानात बसून त्या कायद्यावर सही केली, ज्याने अमेरिकी हवाई दल वेगळं झालं. म्हणजे या संग्रहालयातल्या सगळ्या विमानांचं बारसं एका अर्थाने इथे झालं.

ट्रुमन यांचं 'इंडिपेंडन्स' हे डीसी-6 जातीचं. नाकावर गरुडाचं तोंड आणि शेपटीवर पिसं रंगवलेली, लहान मुलं तिथेच अडकतात. ऑक्टोबर 1949 मध्ये नेहरू पहिल्यांदा अमेरिकेच्या भेटीवर गेले, तेव्हा त्यांना लंडनहून वॉशिंग्टनला आणायला ट्रुमन यांनी हेच विमान पाठवलं होतं. स्वातंत्र्याला जेमतेम दोन वर्षं झालेल्या देशाचा पंतप्रधान या वाटेने चालत गेला. मी ते हिला सांगितलं तर ती परत फिरली आणि पुन्हा एकदा पूर्ण विमान चालून आली.

आयझेनहॉवर यांचं 'कोलंबाइन 3' हे सुपर कॉन्स्टेलेशन. 1948 साली एअर इंडियाचं पहिलं परदेशी उड्डाण, मुंबई ते लंडन, कॉन्स्टेलेशननेच झालं. आमच्या हँगरमधले जुने लोक तिला 'कॉनी' म्हणायचे आणि तिच्याबद्दल घरातल्या बाईसारखे बोलायचे. तीन शेपट्या, पाठीला माशासारखा बाक. मी तिच्यावर कधी काम केलं नाही, माझ्या वेळेपर्यंत ती गेलेली होती. म्हणून तिच्या पोटाखाली उभा राहून नीट बघितलं. रिव्हेटच्या ओळी इतक्या सरळ की दोरी धरून मारल्यासारख्या.

त्याच इमारतीत एक्सबी-70 वाल्किरी हे पांढरं अवाढव्य विमान आहे. दोनच बनली, उरलं ते हे एक. नातू त्याच्याखालून हलेना. बाकीच्या इमारती आम्ही धावत बघितल्या, त्यांच्याबद्दल लिहिण्याइतकं बघितलंच नाही. मुलं बरोबर असतील तर पूर्ण दिवस ठेवा, नुसती राष्ट्राध्यक्षांची विमानं बघायची तर तीन तास पुरतात. शनिवार-रविवार टाळा. आम्ही मंगळवारी गेलो, म्हणून 26000 मध्ये दोन वेळा जाता आलं.

संध्याकाळी पावणेपाचला नातवाने त्या भाल्याखाली माझा फोटो काढला. तो हँगरच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. मुंबईत रात्र होती. तरी दोघे जागे होते, आणि पहिला प्रश्न आला, "टायर कुठल्या कंपनीचे आहेत रे?" ते मी बघितलंच नव्हतं. जावयांना गाडीत सांगून टाकलं, परत जाण्याआधी एकदा पुन्हा डेटन.