एआयवालं भरती सॉफ्टवेअर, आठ महिने वापरून: वेळ वाचतो, पण नकार त्याच्या हातात देऊ नका

आमच्याकडे गेले आठ महिने हे एआयवालं एचआर सॉफ्टवेअर चालू आहे आणि भरतीचं काम मीच बघते, त्यामुळे रोज सकाळी पहिलं लॉगिन त्यातच होतं. नाव लिहीत नाहीये, कारण जे सांगणारे ते अशा बऱ्याच टूल्सना लागू होईल.

आधी चांगलं सांगते. इंटरव्ह्यूच्या वेळा जुळवणं म्हणजे डोक्याला ताप होता, उमेदवार, मॅनेजर आणि टेक्निकल राउंड घेणारा असे तिघं एकाच वेळी मोकळे सापडेपर्यंत मेलवर मेल चालायचे. आता लिंक जाते, उमेदवार वेळ निवडतो, सगळ्यांच्या कॅलेंडरला लागते, विषय संपला. रजा किती शिल्लक आहे, अमुक फॉर्म कुठे मिळेल हे पण चॅटबॉट पटकन सांगतो. यात काही म्हणजे काही तक्रार नाही, उलट त्या वाचलेल्या वेळात मी नव्याने जॉइन झालेल्यांशी निवांत बसून बोलते, पूर्वी ते राहूनच जायचं.

आता रेझ्युमे स्क्रीनिंग, आणि खरं लिहायचंय ते यावरच. प्रत्येक रेझ्युमेला १०० पैकी स्कोअर मिळतो आणि ६० च्या खाली असेल तर नकाराचा मेल आपोआप जातो. ही सेटिंग सुरुवातीपासून चालूच होती, आमच्यापैकी कोणी ती तपासलीच नाही, ही आमची चूक. तिसऱ्या महिन्यात सहज म्हणून रिजेक्टचा फोल्डर उघडला तर एका बाईंचा रेझ्युमे दिसला, स्कोअर ३४. वाचला तर दहा वर्षांचा अनुभव आणि तोही आम्हाला हवा होता नेमका त्याच कामाचा! मग सॉफ्टवेअरने त्यातून काय उचललं ते बघितलं. रेझ्युमे दोन कॉलमचा होता आणि याने ओळ सरळ डावीकडून उजवीकडे वाचत नेलेली, त्यामुळे डावीकडची स्किल्स उजवीकडच्या तारखांमध्ये मिसळली आणि अनुभव दिसला दोन वर्षं. शिवाय मध्ये तीन वर्षांचा गॅप. वडिलांच्या आजारपणात घरी होते असं त्यांनी एका ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, पण ती ओळ समजून घ्यायला तिथे माणूसच नव्हता. अर्ज आल्यावर चार मिनिटांत, रात्री पावणेबाराला, त्यांना नकार गेला होता आणि खाली सही माझी. हे मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन करून माफी मागितली आणि इंटरव्ह्यूला बोलावलं.

हे फक्त आमच्याकडेच झालं असंही नाही. ॲमेझॉनने २०१४ पासून असंच एक टूल बनवायला घेतलं होतं, त्याला शिकवायला आधीच्या दहा वर्षांत आलेले रेझ्युमे दिले, ते बहुतेक पुरुषांचे, तर ते बायकांच्या संस्थांचा नुसता उल्लेख आला तरी मार्क कापायला लागलं. शेवटी बंद करावं लागलं, २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. मशीन जुन्या निवडीतूनच शिकतं, मग आपण आधी ज्यांना डावललं त्यांनाच ते पुन्हा डावलणार, फक्त जास्त वेगाने. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा टूलचं दरवर्षी बायस ऑडिट, म्हणजे ते कुठल्या गटाशी भेदभाव करतंय का याची तपासणी, करून घेण्याचा नियम लागू झालाय आणि युरोपियन युनियनच्या २०२४ च्या एआय कायद्यात भरतीसाठीचं एआय हाय-रिस्क गटात टाकलंय. आमच्या सेल्सवाल्याने "आमचं एआय एकदम न्यूट्रल आहे" असं सांगितलं होतं, ऑडिट रिपोर्ट मागितला तर अजून आलेला नाही. घेणार असाल तर डेमोच्या आधी रिपोर्ट मागा.

अजून एक. एका सहकाऱ्याची आई गेली, त्याने रात्री चॅटबॉटला रजेचं विचारलं. उत्तर अगदी बरोबर होतं, किती दिवस, कुठला फॉर्म, आणि खाली लगेच "हे उत्तर उपयोगी वाटलं का?" असं म्हणून अंगठ्याची दोन चित्रं. तो नंतर मला म्हणाला, "ताई, तेव्हा कोणीतरी फोन उचलायला हवा होता." आता मृत्यू, आजारपण, छळाची तक्रार असं काहीही आलं की बॉट थांबतो आणि निरोप सरळ आमच्यापैकी एकाच्या फोनवर येतो. हे सपोर्टवाल्यांकडून करून घ्यायला दोन आठवडे पाठपुरावा करावा लागला, पण त्यांनी करून दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

माझ्याकडून शेड्युलिंगला ५ पैकी ५, चॅटबॉटला ३, स्क्रीनिंगला २. वर्ष संपल्यावर रिन्यू करू, पण ऑटो-रिजेक्ट बंदच राहणार. स्कोअर आता फक्त कुठला रेझ्युमे आधी वाचायचा एवढ्यापुरता बघतो, नकार द्यायचा तर आमच्यातला कोणीतरी रेझ्युमे पूर्ण वाचतो आणि मेलमध्ये एक ओळ कारण लिहितो. यात रोजचा साधारण तासभर जास्त जातो आणि तो मी मॅनेजरकडून भांडून मागून घेतलाय.