ईमॅक्सचा ‘ओपन_चॅनेल’: घंटी म्हणून उत्तम, माल वाहायला नको

सी किंवा रस्टमध्ये लिहिलेली मॉड्यूल्स (जोड-प्रोग्राम) ईमॅक्स या एडिटरमध्ये आवृत्ती 25.1 पासून (2016) लोड करता येतात. पण मॉड्यूलने वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या धाग्यावर) काम उरकलं आणि ते लिस्पला, म्हणजे ईमॅक्सच्या स्वतःच्या भाषेतल्या कोडला, कळवायचं म्हटलं, की गाडं अडायचं. फंक्शनला मिळणारा ‘एन्व्ह’ पॉइंटर (लिस्पशी बोलायचा दुवा) त्या एका कॉलपुरताच वैध असतो, तोही त्याच थ्रेडवर. तो जपून ठेवून वर्कर थ्रेडमधून (काम करणाऱ्या त्या वेगळ्या थ्रेडमधून) ‘फनकॉल’ मारला, म्हणजे लिस्प फंक्शन बोलावलं, तर डेमोत बहुतेक वेळा चालून जातं, हीच खरी पंचाईत. गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी मोकळी करणं) नेमकं मध्ये आलं की ईमॅक्स आडवा होतो आणि बॅकट्रेसमध्ये (कोसळतानाच्या कॉल्सच्या यादीत) तुमच्या कोडचं नावही नसतं.

पूर्वी यावर दोन जुगाड होते. टायमर लावून सतत विचारत बसायचं, नाहीतर सिगयूएसआर1 हा सिस्टीमचा सिग्नल पाठवून तो स्पेशल-इव्हेंट-मॅपमध्ये (खास घटनांना काय चालवायचं त्या तक्त्यात) पकडायचा. सिग्नल एक आणि मॉड्यूल्स चार, मग भांडण ठरलेलं. 28.1 ने ओपन_चॅनेल (मॉड्यूलसाठीचं एक फंक्शन) आणला आणि हा प्रश्न रीतसर सुटला.

लिस्पमध्ये आधी मेक-पाइप-प्रोसेसने एक पाइप बनवायचा: कोडिंग बायनरी, नोक्वेरी टी, आणि एक फिल्टर (पाइपमधून काही आलं की चालणारं लिस्प फंक्शन). नोक्वेरी विसरलात तर ईमॅक्स बंद करताना दर वेळी ‘प्रोसेस चालू आहे, मारू का?’ विचारतो. हा पाइप मॉड्यूलच्या फंक्शनला दिला की ओपन_चॅनेल एक नवा फाइल डिस्क्रिप्टर (पाइपवर लिहायचा क्रमांक) परत करतो. त्यावर कुठल्याही थ्रेडमधून साधा ‘राइट’ करता येतो, एन्व्ह लागत नाही. दर कॉलला नवा डिस्क्रिप्टर मिळतो, म्हणून प्रत्येक कामागे चॅनेल उघडत बसू नका. मॉड्यूलमागे एक पुरतो.

इथे बहुतेक जण निकालाचा डेटाच पाइपमधून ढकलतात. ते चालतं, पण फिल्टरला मिळतात ते तुकडे. एका ‘राइट’ला एक फिल्टर कॉल अशी हमी नाही. लिनक्सवर 4096 बाइटपर्यंतचा राइट अखंड जातो, त्यापुढे दोन थ्रेडचा माल एकमेकांत मिसळू शकतो. पाइपची क्षमता सहसा 65,536 बाइट. लिस्प एखाद्या लांब लूपमध्ये अडकलं की पाइप भरतो आणि वर्कर ‘राइट’वरच थिजतो.

त्यापेक्षा पाइपला घंटीच समजा. निकाल सीमधल्या क्यूमध्ये (रांगेत), म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावून. क्यू रिकामी असतानाच नवा निकाल आला तर एक बाइट लिहायचा, आधीच काही पडलेलं असेल तर नाही. मग पाइप भरायचा प्रश्नच उरत नाही. फिल्टरने आलेला मजकूर फेकून द्यायचा आणि मॉड्यूलचं ‘ड्रेन’ फंक्शन बोलवायचं. ड्रेनने म्युटेक्स धरून अख्खी क्यू उचलायची, म्युटेक्स सोडायचा आणि मगच लिस्प व्हॅल्यू बनवायच्या. म्युटेक्स धरूनच लिस्पचा कॉलबॅक (काम झाल्यावर बोलवायचं फंक्शन) बोलावला आणि त्याने उलट मॉड्यूललाच नवं काम दिलं, तर मेन थ्रेड स्वतःचीच वाट बघत बसतो.

कॉलबॅक सीमध्ये ठेवूच नका, हा आमचा ठाम आग्रह. त्यासाठी ग्लोबल रेफ (लिस्प व्हॅल्यू कॉलनंतरही धरून ठेवणारा संदर्भ) बनवला की तो सोडायलाही एन्व्ह लागतो, म्हणजे वर्कर तो सोडूच शकत नाही आणि गळती सुरू होते. कामाला पूर्णांक आयडी द्या, कॉलबॅक लिस्पच्या हॅश टेबलमध्ये ठेवा, ड्रेनने फक्त आयडी-निकालाच्या जोड्यांची लिस्ट परत करावी. दुसरा फायदा एररचा. सीमधून फनकॉल करताना एका कॉलबॅकने एरर टाकली, की नॉन-लोकल एक्झिट (एररमुळे मधूनच बाहेर पडल्याची नोंद) साफ होईपर्यंत पुढचे फनकॉल काहीच करत नाहीत आणि रांगेतले बाकीचे कॉलबॅक बुडतात. लिस्पमध्ये प्रत्येकाभोवती कंडिशन-केस (एरर पकडणारी रचना) लावला की विषय मिटला.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. फिल्टर चालतो तो ईमॅक्स वाट बघत असतानाच, त्यामुळे ‘ताबडतोब’ची अपेक्षा ठेवू नये. फिल्टरमध्ये इनहिबिट-क्विट लागू असतो, म्हणजे जड कॉलबॅक कंट्रोल-जी दाबून (ईमॅक्समध्ये चालू काम थांबवायची कळ) सुटत नाही. असं काम शून्य सेकंदाच्या टायमरवर टाका. चालू बफर कुठलाही असू शकतो, तेव्हा आधी बफर-लाइव्ह-पीने हवा तो बफर अजून आहे का बघा, मग विथ-करंट-बफरने त्यात जा. आणि पाइप मेक-थ्रेडच्या आत बनवलात तर तो त्या थ्रेडला बांधलेला राहतो. सेट-प्रोसेस-थ्रेडने निल करून सोडवावा लागतो.

27 वर हे फंक्शनच नाही. ईमॅक्स_मॉड्यूल_इनिटमध्ये एन्व्हचा साइझ 28 च्या स्ट्रक्टपेक्षा कमी दिसला तर शून्येतर आकडा परत करा. लोड करताना नीट एरर येते, नाहीतर सेगफॉल्ट.

चाचणी करताना ईमॅक्स मॉड्यूल-असर्शन्स पर्याय देऊन सुरू करा. वेग उतरतो, पण चुकीच्या थ्रेडवरून आलेला कॉल तिथल्या तिथे पकडून ईमॅक्स अॅबॉर्ट होतो. मॉड्यूल एकदा लोड झालं की अनलोड होत नाही, म्हणून नवं बिल्ड म्हणजे नवा ईमॅक्स. चालू ईमॅक्सखालच्या .एसओ फाइलवर (मॉड्यूलच्या बिल्ड फाइलवर) थेट ‘सीपी’ करू नका, चालती प्रोसेस कोसळू शकते. नवी फाइल वेगळ्या नावाने ठेवून ‘एमव्ही’ करा. बंद करताना किल-ईमॅक्स-हुकमध्ये आधी वर्करला थांबवून जॉइन करा, मग डिस्क्रिप्टर बंद करा, शेवटी डिलीट-प्रोसेस. क्रम उलटा केलात तर वर्कर वाचणारं कुणीच नसलेल्या पाइपवर लिहीत राहतो.