श्वासाची चाचणी की रक्ताची?
मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार गाडी चालवणाऱ्यासाठी दारूची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. ब्रेथ ॲनालायझर रक्त पाहतच नाही. २१०० मिलिलिटर श्वासात १ मिलिलिटर रक्ताइतकं अल्कोहोल धरून तो हिशेब करतो. हे प्रमाण माणसागणिक बदलतं. नुकताच घोट घेतला असेल किंवा माउथवॉशने चूळ भरली असेल, तर आकडा फुगतो. म्हणून आधी १५ मिनिटं थांबावं.

गॅस क्रोमॅटोग्राफीने (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजण्याची प्रयोगशाळेतली पद्धत) केलेली रक्तचाचणी जास्त भरवशाची. मात्र टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसू नये आणि नळीत सोडियम फ्लोराइड हवंच, नाहीतर जंतू साखर आंबवून नवं अल्कोहोल तयार करू शकतात. उशीरही नडतो: शोषण संपल्यावर पातळी तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅमने उतरते (कॉफीने नाही, यकृतामुळे). नाक्यावर श्वास पुरे. आकडा ३० च्या आसपास असेल तर रक्तच तपासावं.